कपाट रिकामं करायच्या आधी

घरातलं माणूस गेलं की पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. द्वारदर्शनाला येणारे, दशक्रियेला नदीवर जाणारे, गंधमुक्तीच्या पंगती. मग पाहुणे पांगतात आणि कोणीतरी आत्या नाहीतर मामी, अगदी मायेनं, कपाट उघडते. साड्या वाटल्या जातात, चपला उकिरड्यावर जातात, बाज मळ्यातल्या सालदाराकडे, चष्मा कुठल्याशा खणात, खोलीला रंग. हेतू चांगलाच असतो. समोर दिसलं की रडू येतं, म्हणून नजरेआड करायचं. पण घाई नडते. लोक यायचे थांबले की दोन-तीन महिन्यांनी दुःख खरं वर येतं, आणि तेव्हा हात फिरवायला घरात काही उरलेलं नसतं.

फोटोचा उपयोग इथे सुरू होतो. कॅमेऱ्यानं दुःख जात नाही. एखाद्या वस्तूसमोर दहा मिनिटं बसायला तो निमित्त देतो, आणि रिकाम्या हातांना काम देतो, एवढंच. त्यासाठी मोबाईल पुरतो. क्रम मात्र पाळायचा: जे आपोआप पुसलं जाणार आहे ते आधी वाचवायचं, मग जे वाटलं जाणार आहे त्याचे फोटो काढायचे, बाकीचं निवांत.

आपोआप पुसलं जाणारं म्हणजे गेलेल्या माणसाचा फोन. तो ‘साफ करून’ नातवाला द्यायची भारी घाई असते. देऊ नका. रिसेट तर अजिबात नको. सिम सलग ९० दिवस वापरलं नाही, तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला मिळतो, म्हणून छोटं रिचार्ज चालू ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं १२० दिवस उघडलं नाही तर ते साधारणपणे काढून टाकतात. गूगलचं खातं २ वर्षं बिनवापराचं राहिलं की त्यातल्या फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. लॉकचा आकडा माहीत नसेल तर अंदाजानं मारत बसू नका, काही फोन दहा चुकांनंतर सगळं पुसायला लावलेले असतात. उघडला तर आधी कॅमेऱ्याचे फोटो, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडियातलं व्हॉइस नोट्सचं फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवा. ‘बाळा, पोहचला का रे’ असं सात सेकंदांचं बोलणं या फोल्डरात सापडतं, आणि फोटोआधी माणसं तेच शोधतात. रागात नाहीतर हुंदक्यात कोणी फोटो उडवले असतील तर लगेच ट्रॅश बघा: गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, आयफोनमध्ये सहसा ३० दिवस.

मृत्यू अपघाती असेल तर उलट काम करावं लागतं. घटनास्थळाचे फोटो गावाच्या ग्रुपवर फिरत असतात आणि आपोआप उतरून थेट गॅलरीत आईच्या फोटोंशेजारी येऊन बसतात. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर मीडियाचं ऑटो-डाउनलोड पहिल्याच दिवशी बंद करा. आलेलं उडवायचं काम चुलतभावानं, मित्रानं करावं. बायकोनं किंवा मुलानं नव्हे.

यानंतर येतो फ्लेक्सचा आणि भिंतीवरचा फोटो. तो निवडायला घरच्यांना अर्धा तास मिळतो, आणि त्या अर्ध्या तासातला चेहरा पुढची तीस वर्षं भिंतीवर राहतो. होतं काय, की आधारकार्डाचा किंवा लग्नातल्या घोळक्यातून कापलेला चेहरा दुकानात जातो, दुकानदार मागे निळा पडदा लावतो आणि जन्मभर धोतर-टोपीत वावरलेल्या माणसाला कोट चढवतो. टोपी राहू द्या म्हणून स्पष्ट सांगा. फ्लेक्ससाठी जो मिळेल तो चालवा, पण भिंतीवरच्या फोटोसाठी महिनाभर थांबा. तेराव्याला फ्रेम तयार हवी असा काही नियम नाही.

आकाराचा हिशोबही समजून घ्या, कारण ‘फोटो फाटला’ ही तक्रार इथूनच येते. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला निदान २४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० चा उरतो. तो ८ इंचांपर्यंत ठीक, पुढे चेहरा विरघळतो. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. हातात फक्त पासपोर्ट फोटो असेल, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, तर दुकानात तो नेहमीप्रमाणे ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, स्कॅन करतील. त्यात जेमतेम ४१३ बाय ५३१ पिक्सेल येतात. १२०० डीपीआयला करा म्हणावं. मग १६५४ बाय २१२६ मिळतात आणि ५ बाय ७ इंचांची स्वच्छ प्रिंट निघते. त्याहून मोठी करायचा हट्ट नको. लहान आणि खरा चेहरा बरा.

हल्ली चेहरा ‘साफ’ करून देणारी अ‍ॅप आली आहेत. ती धूसर जागी दुसऱ्याच चेहऱ्यांवरून शिकलेले डोळे, दात आणि कातडी भरतात. पहिल्या नजरेला घरचे खूश होतात, आठवड्याभरात कोणीतरी म्हणतं, ‘आपले आण्णा असे दिसत नव्हते.’ वापरायचंच असेल तर मूळ फोटो शेजारी ठेवून मोठा करून बघा: कानाची पाळी, हनुवटीवरचा तीळ, पुढच्या दातांतली फट, देवीचे व्रण. यातलं एक जरी गेलं असेल तर तो फोटो बाद.

जुन्या प्रिंटचं दुखणं वेगळं. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं, ते ओल शोषून फुगतं आणि काचेला धरतं. ओढलं की चेहराच काचेवर राहतो. काचेसकटच तो मोबाईलनं टिपून घ्या. फ्रेम भिंतीला टेकवून उभी करा, उजेड एका बाजूने ४५ अंशांत येऊ द्या, फोनच्या मागे काळं कापड धरा म्हणजे तुमचंच प्रतिबिंब काचेत येणार नाही. फ्लॅश बंद. मुळात ही ओल येते कुठून, तर ताज्या फुलांच्या ओल्या हारातून. पाणी फ्रेमच्या फटीतून आत उतरतं. नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगा, हार निथळून घाला, आणि मावळतीचं ऊन पडणारी भिंत टाळा.

चिकट पानांच्या अल्बममध्ये पान पिवळं पडलं असेल तर गोंद जुना झालाय. वरचा प्लॅस्टिकचा कागद हळूच उचला आणि फोटो जागेवर असतानाच टिपून घ्या, नंतर मेण नसलेला दातांचा दोरा फोटोखालून करवतीसारखा फिरवून सोडवता आला तर बघा. निगेटिव्ह सापडल्या तर सोनं समजा. दुसऱ्या फोनवर पूर्ण पांढरा पडदा लावायचा, त्यावर तीन-चार सेंटिमीटर उंचीवर काच ठेवायची, काचेवर निगेटिव्ह, वरून फोटो. अंतर न ठेवता थेट पडद्यावर ठेवली की पडद्याचे ठिपके फोटोत उमटतात. मग एडिटिंगमध्ये रंग उलटे केले की झालं. रंगीत निगेटिव्हला नारिंगी झाक असते, त्यामुळे उलटल्यावर सगळं निळसर दिसतं. ते दुरुस्त करायचा कंटाळा आला तर ब्लॅक अँड व्हाइट करून मोकळं व्हा.

आता वस्तू. खरं मोल इथेच आहे, आणि खास करून घरातल्या बायकांसाठी. आपल्याकडच्या कितीतरी आज्यांचे आयुष्यात चार-पाचच फोटो निघालेले असतात, तेही लग्नातले, पदर डोक्यावर आणि नजर खाली. तिचा चेहरा नसेल, पण तिनं झिजवलेलं घर आहे: पोटात खड्डा पडलेला पाटा, एका बाजूनं पातळ झालेली उलथनी, भरतासाठी वांगी भाजून भाजून काळा पडलेला ओट्याचा कोपरा.

एक भांडं घेऊन बघू. पितळी डब्यावर किंवा स्टीलच्या पातेल्यावर नाव घातलेलं असतं, कोणी कोणाला कुठल्या लग्नात दिलं ते, कधी तारखेसकट. वर्षानुवर्षं घासून ती अक्षरं इतकी पुसट होतात की समोरून उजेड पाडला तर दिसतच नाहीत. भांडं खिडकीपासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. दुसऱ्या फोनचा टॉर्च भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, अगदी तिरपा, दहा-पंधरा अंशांत धरा आणि हळूहळू भांड्याभोवती फिरवा. एका क्षणी छिन्नीचे ठिपके एकेक करून सावली धरतात आणि नाव उठून येतं. तिथेच टॉर्च थांबवा. भांड्यात आजूबाजूचं घर दिसत असेल तर वरून पांढरी चादर ताणून धरायला कोणाला तरी सांगा. फोन फार जवळ नेऊ नका. बरेच फोन जवळ नेले की आपोआप रुंद भिंगावर उडी मारतात आणि गोल डबा वाकडा दिसतो. हात-दीड हातावरून दुप्पट झूम लावून घ्या. आणि हो, फोटोआधी भांडं चिंचेनं घासून चकचकीत करू नका. तळाचा काळा डाग तिच्याच चुलीचा आहे.

गोधडीचंही तेच, उलट जास्तच. धुण्याआधी फोटो घ्या, आणि शक्यतो वर्षभर धुऊच नका. वास फोटोत येत नाही. ओसरीत सावलीला पसरा, स्टुलावर उभं राहून बरोबर वरून एक पूर्ण फोटो, मग एकेका ठिगळाचा जवळून. बाजूच्या तिरप्या उजेडात धावदोऱ्याची ओळ उभी राहते, दुपारी बारा वाजता वरून पडणाऱ्या उन्हात ती सपाट होते. शेजारी कोणी म्हातारी बसवा. कुठलं ठिगळ कोणाच्या साडीचं हे तीच सांगेल.

पूर्ण वस्तूपेक्षा भागाचा फोटो घ्यायला सांगतोय, त्याला आधार आहे. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ साली छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवलं होतं. ज्या वस्तूंचा नुसता फोटो काढला त्या विद्यार्थ्यांना, फक्त बघितलेल्या वस्तूंपेक्षा, कमी आठवल्या. पण ज्यांच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला त्यांची आठवण घसरली नाही. शोकाच्या घरात हे पक्कं लक्षात ठेवायचं. कपाट उघडून दोन मिनिटांत साठ फोटो काढले तर कपाट फोनमध्ये जातं, मनात काही राहत नाही. एका वेळी एकच वस्तू, तीनच फोटो. तिसऱ्यापर्यंत बघितलं नसेल तर तिसाव्यालाही बघणार नाही.

आपल्या खान्देशात उजेडाची दोन संकटं. वैशाखात पारा ४५ च्या घरात गेला की बाहेर फोन तापतो, कॅमेरा बंद पडतो. सावलीत ठेवून थंड होऊ द्या. फ्रिजमध्ये टाकलात तर आत दव धरतं. सकाळी सातच्या आत नाहीतर सायंकाळी सहानंतर काम करा. दुसरं संकट घरातलं. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात झरोक्यातून एकच कवडसा पडतो, तेवढा पांढराफटक आणि बाकी काळोख. दारावर जुनं पांढरं धोतर किंवा पंचा टांगा, उजेड पसरतो. स्क्रीनवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, मग बोट वरखाली सरकवा. पांढरी टोपी करडी दिसत असेल तर उजेड थोडा वाढवा, काळी घोंगडी फिकट दिसत असेल तर कमी करा. कॅमेऱ्याला सगळंच मधल्या रंगाचं करायची खोड असते.

तापीकाठच्या प्रकाशा गावी किंवा चांगदेवच्या संगमावर अस्थी सोडताना फोटो घ्यायचे का, यावर घरात वाद होतात. घ्यायचे असतील तर आधी विचारा, एकाच माणसाकडे फोन द्या, आणि तो थोरला मुलगा नसावा. त्याला विधी नीट करू द्या. चेहरे नकोत. हात, तांब्या, पाण्यावरची फुलं एवढं पुरे. जन्मतःच गेलेल्या बाळाचा फोटो ही त्याहून अवघड गोष्ट. ‘काढू नका, लवकर विसरेल’ असं आईला सांगितलं जातं. ती विसरत नाही. फक्त मूठ किंवा पाऊल, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, म्हणजे त्वचेचा बदललेला रंग दिसत नाही. ती मागेल तेव्हा द्यायचा, तोवर दुसऱ्या कोणाकडे जपून ठेवायचा.

पुढच्या महिन्यांसाठी एक पद्धत चांगली चालते: एकच जागा, एकच वेळ. ओट्यावरची त्यांची बसायची जागा असेल, नाहीतर बांधावरचं लिंबाचं झाड. उभं राहायच्या जागेवर दगड पुरा किंवा फरशीवर खूण करा, फोन छातीशी धरा, झूम नाही, आठवड्यातून एक फोटो, ठरलेल्या वारी. बांधावरून काढलात तर जूनमधली सरकी, दिवाळीनंतरची कापसाची वेचणी, फाल्गुनात पऱ्हाटी उपटलेलं उघडं रान, सगळं त्याच चौकटीत येतं. रावेर-यावलकडे केळी असेल तर घड कापलेलं खोड आणि शेजारी उठणारी पिलबाग. (कृपा करून त्याखाली ‘जीवन चालूच राहतं’ लिहून स्टेटस ठेवू नका. वर्षभर हे फोटो कोणालाच दाखवायचे नाहीत, कारण दाखवायचे ठरले की माणूस चांगले फोटो काढायला लागतो.) एखादा आठवडा चुकला तर चुकू द्या. मागची तारीख घालून भरपाई नको. फोटोखाली एक ओळ, घरात बोलता त्याच भाषेत. ‘मायनी वाटी’ असं अहिराणीत लिहिलेलं ‘आईच्या आठवणीतील वाटी’पेक्षा कितीतरी जवळचं.

बाकी सहा दिवस कॅमेरा खाली. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोक करणारं माणूस कधी दुःखाकडे तोंड करतं, कधी पाठ फिरवून किराणा, फवारणी, पोरांची फी बघतं, आणि ही ये-जा हीच निरोगी चाल. रात्री एक वाजता तेच फोटो शंभरदा वरखाली करणं यात बसत नाही. फोटो एका अल्बममध्ये घाला, तो पहिल्या स्क्रीनवरून काढा, आणि ‘आजच्या दिवशी’ म्हणून अचानक जुने फोटो दाखवणाऱ्या सूचना बंद करा. गूगल फोटोजमध्ये ठरावीक माणूस किंवा तारीख आठवणींतून वगळता येते. सहा महिने उलटूनही जेवण, झोप, काम रुळावर येत नसेल किंवा त्यांच्यामागे जावंसं वाटत असेल, तर फोटो हा त्यावरचा इलाज नाही. डॉक्टर गाठा, किंवा १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी असते. घागर भरली जाते, वर डांगर (खरबूज), आंबे, पुरणपोळी-रसाचा घास, आणि गेलेल्याचं नाव घेतलं जातं. गेलेल्याशी नातं तोडावं लागत नाही, ते वेगळ्या रूपात राहतं, हे पाश्चात्त्य अभ्यासकांनी १९९६ च्या सुमारास ठामपणे मांडलं. आपल्याकडे त्यासाठी मातीची घागर होतीच. त्या दिवशी लेकी माहेरी आलेल्या असतात, म्हातारी माणसं एकत्र असतात. जेवणं झाल्यावर सतरंजीवर जुने फोटो पसरा, प्रत्येकाशेजारी आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवा, फोनवर रेकॉर्डिंग लावून मध्ये ठेवून द्या आणि विचारा, ‘हा कोण?’ भांडणं होतील. एक मावशी म्हणेल हा शिरपूरचा, दुसरी म्हणेल छे, तो तर नंदुरबारला दिलेल्या बहिणीचा दीर. होऊ द्या, दोन्ही लिहून घ्या. जुन्या जाड ब्लॅक अँड व्हाइट फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, न दाबता लिहायचं: नाव, गाव, साल, आकडा. बॉलपेन नको, त्याचा वण पुढून चेहऱ्यावर उमटतो. रंगीत प्रिंटची पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल धरत नाही. त्यांची नावं पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालायच्या आधी लिहा.